चादरीचं दुसरं टोक

सिग्नेने ओलसर तागाच्या चादरीची दोन टोकं पाइपाला बांधली, उरलेली दोन मुठीत धरली आणि मागे रेलून ओढलं. गाठ सुटली. चादर परत तळघरातल्या सामाईक धुलाईखोलीच्या फरशीवर.

"कोर्टात भांडायला जोर आहे, पण चादर ओढायला माणूस नाही!" आपले धुतलेले कपडे टोपलीत भरता भरता हेडविग म्हणाली. ती सिग्नेच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "आण इकडे, मी धरते."

"नको. जमेल मला."

"दिसतंय ना जमताना!"

चादर दाबून सपाट करणाऱ्या रुळांच्या यंत्रात घालण्याआधी दोघींनी समोरासमोर उभं राहून ताणायची असते, नाहीतर ती वाकडीच निघते. एकवीस वर्षं समोर इल्वा असायची. वरचं घर दोघींनी मिळून घेतलेलं, निम्मे पैसे सिग्नेचे, निम्मे इल्वाच्या आईच्या वारशातले. घर सिग्नेच्या एकटीच्या नावावर लागलं आणि निम्म्या वाट्याचा कागद कुणी केलाच नाही. मैत्रिणीकडे कागद मागायचा? छे, तोंडावर थुंकल्यासारखंच झालं असतं ते. मग दोन वर्षांपूर्वी मांजराच्या औषधावरून भांडण पेटलं, इल्वा दूर उमेओला निघून गेली, आणि आता तिला आपला निम्मा वाटा हवा होता. तो द्यायचा तर घर विकावंच लागणार होतं. अडुसष्टाव्या वर्षी.

"उद्या कोर्टात काय सांगणार आहेस गं?" दारात थांबून हेडविगने विचारलं.

"वकील म्हणतो, कागद नाही ना? मग पैसे भेट होते असं सांगा."

"शपथेवर?"

सिग्ने चादरीची शिवण चाचपत राहिली.

"तुझं तू बघ बाई," म्हणत हेडविग जिना चढून गेली. वरचं जड दार लागलं.

सिग्नेने चादर उचलली. दोन टोकं तिच्या हातांत, बाकीची फरशीवर लोळत होती. घसा खाकरून तिने उद्याचं वाक्य म्हणून पाहिलं.

"ते पैसे इल्वाने मला भेट म्हणून दिले."

चादरीची पलीकडची कड फरशीवरून उठली.

वाळवायचा पंखा असेल, असं तिला वाटलं. पंखा बंद होता. कड कमरेइतकी वर आली आणि दोन्ही कोपरे चिमटीत धरल्यासारखे चुरगळले. मग ताण आला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. इल्वा अशीच ओढायची.

दुसरी कुणी असती तर टाकून पळाली असती. सिग्नेलाही घाम फुटला, पण तिने हात सोडले नाहीत. दोन वर्षांत कुणी नीट ओढलं नव्हतं.

"भेट होती," ती पुन्हा म्हणाली.

असा हिसका बसला की ती दोन पावलं फरपटत पुढे गेली.

"भेटच होती! काय पुरावा आहे तुझ्याकडे?"

या खेपेला कापड नखांखाली कापत गेलं. समोर पांढरी भिंत, भिंतीवर घड्याळ, बाकी कुणी नाही. दुपारचे सव्वातीन. सिग्नेला रडू कोसळलं, रागाचं की भीतीचं हे तिचं तिलाही कळेना.

"बरं बाई, बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझेच होते. निम्मं घर तुझं आहे. मला काय माहीत नाही? तेच सांगेन उद्या."

ओढ थांबली. मग पलीकडची कड सावकाश तिच्याकडे चालत आली. ताणून झालं की घडी घालायला समोरची बाई येते, तशी. कोपरे तिच्या बोटांत आले. बोटांना काहीतरी गार लागलं आणि सुटलं.

अर्धी दुमडलेली चादर छातीशी धरून सिग्ने तिथेच उभी राहिली.

"मग मी राहू कुठे गं?" तिने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.