काळ्या शाईतलं खळं

मित्रांनो, मेहकरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या दाराशी माझं टेबल आहे. पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, इथे सगळे मायक्रोस्कोप. वयानं जुना, अंगानं जड आणि स्वभावानं जरा गर्विष्ठ. का नसावं? माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही ते मी दाखवतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. कारागिरांनी काचा घासून घासून माझे डोळे घडवले. इथे आलो तेव्हा नारळ फुटला, हार पडला. वर्षानुवर्षं हिवताप शोधला, क्षय शोधला, बुरशी शोधली. मग विजेवर चालणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. ओलीनं माझ्या भिंगावर बुरशी चढली. बुरशी पकडणाऱ्याच्याच डोळ्यात बुरशी! पुढे एका हिवाळ्यात नवं यंत्र बिघडलं, तेव्हा तंत्रज्ञ तुळशीरामभाऊंना माझी आठवण झाली. त्यांनी मला पुसून पुन्हा खिडकीच्या उजेडात बसवलं.

त्याच हिवाळ्यात मंजुळाबाई आपल्या नवऱ्याला, इंद्रभानांना, घेऊन आल्या. हिवरा आश्रमाजवळ त्यांचा भाजीचा मळा. इंद्रभानांचं डोकं कितीतरी दिवस ठणकत होतं. फडकं करकचून बांधलं, बाम चोळला, नजर उतरवली. आता ते भलतंसलतं बडबडत होते. त्यांना एचआयव्ही होता. रोजच्या गोळ्यांनी तब्येत सुधारली, आणि बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्याच सोडल्या. राखणदार उठून गेला की रानात डुकरं शिरणारच.

डॉक्टर राखी म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला सूज दिसते. कशानं आली ते पाठीच्या कण्यातलं पाणी सुईनं काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. उशीर केला तर जीव जाईल."

मंजुळाबाई दारात आडव्या झाल्या. "पाठीतलं पानी? नाही बाप्पा! त्यानं मानूस लुळा पडते. घरी नेतो मी यायले."

मी घाबरलो. पाणीच आलं नाही, तर मी पाहणार काय?

तेवढ्यात महामायाताई आल्या. एचआयव्हीच्या रुग्णांना समजावणं हे त्यांचं काम. त्या स्वतःही त्याच गोळ्या घेतात आणि उघड सांगतात.

"अवो बाई, माह्या पाठीतलंही पानी इथंच काढलं होतं. पाहा बरं, मी लुळी हाव का?"

आणि पदर खोचून ठसक्यात व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. मंजुळाबाई त्यांच्या पायांकडे पाहतच राहिल्या.

"मंग लोक काऊन असं सांगतेत?"

"लोक मानसाले उशिरा आनतेत. लुळं करते रोग, अन् नाव होते सुईचं."

मंजुळाबाईंनी नवऱ्याच्या डोक्याचं फडकं सोडलं. मग बाजूला झाल्या. "काढा मंग," म्हणाल्या.

तुळशीरामभाऊंनी काचपट्टीवर त्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळली आणि माझ्या डोळ्याला डोळा लावला. सगळं काळंभोर. आणि त्या काळ्यात गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती शाईला आत न घेणारं पांढरं कडं, चंद्राला खळं पडावं तसं. क्रिप्टोकोकस नावाची बुरशी! डॉक्टर राखींनीही पाहिलं आणि लगेच बुरशीवरचं औषध सुरू करायला सांगितलं. माझी छाती अभिमानानं फुगली. मी तेव्हा उगाच फुगलो नव्हतो, मित्रांनो. माणूस वाचत होता.

उन्हाळ्यात इंद्रभान आपल्या पायांनी चालत गोळ्या न्यायला आले. मंजुळाबाईंनी त्यांना थेट माझ्यासमोर उभं केलं. "देवासारखा पावला हा. ह्याच्या म्होरं बोला, गोळ्या सोडनार नाही."

इंद्रभान खजील झाले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही सोडनार."

"काचेले हात नोका लावू!" तुळशीरामभाऊ ओरडले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या काचा कोरड्या ठेवा. डोकेदुखी थांबत नसेल तर फडकं बांधून बसू नका, दवाखाना गाठा. आणि बरं वाटतंय म्हणून कुणी गोळ्या सोडत असेल, तर त्याला हक्कानं रागवा. काचेला बोट लावलेलं मला मुळीच खपत नाही. पण शब्द देताना टेकलेल्या, मळ्यातल्या मातीनं भरलेल्या इंद्रभानांच्या बोटाचा ठसा तुळशीरामभाऊंनी पुसला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.