भय्याजींचं हसू आणि दिल्लीची मुलाखत

आम्रपालीची मुलाखत अकरा वाजता होती आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना तिचे वडील हसायला लागले.

भय्याजी रामटेके भिलाईच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवत होते. चार वर्षांपूर्वी त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाला. आधी हात गेले, मग पाय, शेवटी बोलणंही पार बंद झालं. डोकं मात्र पहिल्यासारखंच तल्लख. या आजाराची एक विचित्र खोड असते. काही जणांना कारण नसताना हसू फुटतं आणि मग ते आवरता येत नाही. शेजारच्या गिरजाबाई आपल्या मेहुण्याच्या तेरवीची हकीकत सांगत होत्या, तेव्हा भय्याजी पावणेदोन मिनिटं हसले होते. गिरजाबाई आठवडाभर आल्या नव्हत्या.

"आई, बाबाले आतल्या खोलीत ने ना," आम्रपाली लॅपटॉपसमोर ओढणी सारखी करत म्हणाली.

"नेऊनच राह्यली," सुनिता म्हणाली. "पण चाक अडकलं."

व्हीलचेअर दाराच्या चौकटीत अडकली होती. ना आत, ना बाहेर. त्यामुळे भय्याजींना आणखीच हसू येत होतं. तेवढ्यात पडद्यावर दिल्लीची समिती उगवली. दोन पुरुष आणि मध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई, अध्यक्ष.

आम्रपाली दुर्गच्या कॉलेजात शिकवायची आणि आवाजावर संशोधन करायची. या आजारात कितीतरी लोकांचं बोलणं निदानाच्या आधीच हलकेच बदलतं, असं तिचं म्हणणं. फोनवरच्या साध्या रेकॉर्डिंगमधून तो बदल पकडता आला, तर माणसाला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात दोन-दोन वर्षं फिरावं लागणार नाही. पुरावा तिच्या घरातच होता. दर चौदा एप्रिलला सेक्टर सहाच्या मैदानावर सूत्रसंचालन भय्याजीच करायचे, आणि पंधरा वर्षांची रेकॉर्डिंग तिने जमवली होती. निदानाआधीच्या दोन वर्षांत त्यांचा 'र' आणि 'ळ' मऊ पडत गेला होता. हजार माणसं समोर बसली होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

यासाठी निधी मागणारा तिचा अर्ज दोनदा परत आला होता. ही तिसरी खेप.

ती बोलायला लागली. मागून हसणं चालूच. पाचव्या मिनिटाला अध्यक्षबाईंनी हात वर केला.

"पीछे कौन हँस रहा है?"

टीव्ही आहे, असं आम्रपालीच्या अगदी ओठावर आलं होतं. "मेरे पिताजी हैं, मॅडम," ती म्हणाली. "वो आप पर नहीं हँस रहे। यही बीमारी है।"

मग बाई म्हणाल्या, "उनसे बात हो सकती है?"

आम्रपालीने लॅपटॉप चौकटीकडे वळवला. भय्याजींशी बोलायची पद्धत अशी, की सुनिताने एकेक अक्षर म्हणायचं आणि हवं ते आलं की त्यांनी भुवई उचलायची. बाईंनी विचारलं, की या कामासाठी निधी का द्यावा, तुम्हीच सांगा. सुनिता अक्षरं म्हणत गेली. 'आ' आला, 'वा' आला, 'ज' आला, परत 'आ' आला, आणि तिचा धीर सुटला.

"आवाज आला नाही," तिने जाहीर केलं. "ते म्हणून राह्यले, तुमचा आवाज येऊन नाही राह्यला."

आम्रपालीच्या तोंडून ते हिंदीत निघूनही गेलं. लगेच दिल्लीत तिघंही आपापल्या माइकशी झटू लागले. "अब आ रही है? अब?" उजवीकडचे गृहस्थ हेडफोन काढून त्यात बोलू लागले. भय्याजींनी डोळे घट्ट मिटून घेतले, मग उघडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चार मिनिटांनी वाक्य पुरं झालं.

'आवाज आधी गेला. कोणाले समजलं नाही.'

आम्रपालीने ते सांगितलं आणि भय्याजी पुन्हा खदखदून हसले. या खेपेला अध्यक्षबाईही हसल्या, डोळे पुसत हसल्या. आपण बुडालो, असंच आम्रपालीला वाटलं.

तीन आठवड्यांनी ती बाजारात पालक निवडत असताना ईमेल आला. निधी मंजूर, तीन वर्षांसाठी. तिने पालकवालीला धन्यवाद दिले, पालक न घेता स्कूटर सुरू केली आणि सेक्टर सहातल्या घराऐवजी सेक्टर दहाला पोचली. तिथे ओळखीचं कोणी दिसेना, म्हणून एका ट्रॅफिक पोलिसालाच ही बातमी सांगितली. तो म्हणाला, "बधाई हो, अब हेलमेट पहन लीजिए।"

घरी सुनिताने कणकेच्या हाताने तिला मिठी मारली. भय्याजी हसत सुटले. त्यांचं हसणं आता घरात कोणी मनावर घेत नसे, पण त्या दिवशी सुनिता त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"हे आजाराचं हाय का तुमचं?"

ती अक्षरं म्हणू लागली तशी भुवई उचलली गेली. 'मा.' मग 'झं.'

"माझं," सुनिता म्हणाली आणि हाताची कणीक पदराला पुसत उठली. मग तिने आम्रपालीला हळूच विचारलं, "यानं बाबा बरे होतीन का वं?"

"नाही, आई. पुढच्यांचं लवकर समजन."

भय्याजी ऐकत होते. त्यांनी भुवई उचलली, कोणी अक्षर विचारलंही नव्हतं.

सगळ्या परवानग्या आल्यावर पहिलं रेकॉर्डिंग तुलनेसाठी निरोगी माणसाचं करायचं होतं. गिरजाबाई नवी साडी नेसून, पावडर लावून आल्या. आम्रपालीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, फक्त एक मिनिट बोला. काहीही."

गिरजाबाईंनी घसा खाकरला आणि त्या मेहुण्याच्या तेरवीपासून सुरू झाल्या. चाळीस मिनिटं झाली तरी त्या स्वयंपाक्यापर्यंतच पोचल्या होत्या. आम्रपाली तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडे वळली होती. सुनिता केव्हाच अंगणात पळाली होती. खोलीत एकटे भय्याजी तेवढे गंभीर चेहऱ्याने, मन लावून ऐकत होते.