सकाळचं विमान आणि नावाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. नवलभाऊंनी मला जळगावच्या बाजारातून आणलं ते मुलीच्या, ऋतिकाच्या, अभ्यासासाठी. पण त्याच सुमारास सकाळचं विमान सुरू झालं आणि माझ्यावर मुळाक्षरांऐवजी पाहुण्यांची नावं उमटू लागली.

विमानतळाच्या दारात नवलभाऊ मला छातीशी धरून उभे राहत. आपलं नाव वाचून पाहुणे हसत पुढे येत. मग भाऊ त्यांना आपल्या गाडीतून भाड्याने फिरवत. आमचं घर जवळच, अजिंठ्याच्या रस्त्यावर. इकडे घरी त्यांच्या बायकोचा, रत्नाताईंचा, नेम ठरलेला असे. डोक्यावरून उतरत्या विमानाचा आवाज आला की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि वांगी भाजायला टाकायची. पाहुणे गरम भरीत खाऊन लेणी बघायला निघत. माझे फोटोसुद्धा काढत! त्या भरवशावर दोघांनी घरामागची केळीची बाग काढून दोन खोल्या बांधल्या. मला तेव्हाच धाकधूक वाटली होती.

आता विमान कंपन्यांना मोकळीक आहे म्हणे. जिथे गर्दी, तिथे विमान. आमचं विमान एक दिवस दुसऱ्या गावाला गेलं. पुढे नवी कंपनी आली, हारतुरे झाले. पण तिचं विमान यायचं संध्याकाळी, लेणी बंद झाल्यावर. त्यातून उतरायची आपलीच माणसं, लग्नाला नाहीतर घरी आलेली. त्यांना न्यायला घरचेच आलेले असत. विमानतळ पुन्हा भरला, असं सगळे म्हणत होते. मी मात्र गाडीत पडून होते.

यंदा हिवाळ्यात सकाळचं विमान पुन्हा जाहीर झालं. एका कुटुंबाने खोल्या सांगून ठेवल्या. नवलभाऊंनी माझ्यावर ठसठशीत नाव लिहिलं. विमानतळावर उभे असतानाच फोन आला. विमान रद्द झालं होतं. पाहुणे संभाजीनगरला उतरून तिकडूनच लेण्यांकडे निघाले होते.

घरी आलो तर अंगणात धूर. रत्नाताई वांगी सोलत होत्या. गाडीत मागे कोणी नाही, हे त्यांनी वाकून पाहिलं. आवाज तर आला होता, म्हणाल्या.

"ते शिकाऊ पोरेस्नं इमान शे, रत्ना. सकायपासून घिरट्या घाली ऱ्हायनं."

"मंग बठ्ठं भरीत कोन खाई?" रत्नाताईंनी सगळ्या वांग्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"त्याच पोरेसले हाक मार. उतरतीन खाले."

त्या हसल्या नाहीत. भाऊही नाही. मग भाऊंनी पुण्याच्या नोकरीचं सांगितलं. तिथे एका कंपनीला गाडीसकट माणूस हवा होता. रत्नाताई खाली मान घालून सोलतच राहिल्या.

भाऊ गेले, गाडी गेली. पाहुण्यांच्या खोल्यांत कांदा पसरला आहे. मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी विमानाच्या वेळा ठरवायला बसलं, तर आधी एवढं विचारा, की त्या गावात लोक कशाच्या भरवशावर बसले आहेत. आमच्यासाठी आता उशीर झाला. आमच्याकडे सणाला एकच पाहुणा येतो, पुण्याहून, बसने. परवा ऋतिकाने त्याला विचारलं, "पप्पा, तुम्ही किती दिवस राहणार?"