घरच्या कोर्टावरचं डबकं

निरीक्षकांच्या परसात बास्केटबॉलचं कोर्ट करायचं ठरलं, तेव्हा सिमेंट यायच्या आधी त्यांची पाणसळ बाहेर आली. मखमली पिशवीतली. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की समजायचं, पृष्ठभाग सपाट. निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानदारांचे काटे पकडण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, आणि त्यांच्या घरात भिंतीवरचा फोटोसुद्धा तिरका व्हायला घाबरत असे.

मुलगी आठवीत. शाळेच्या संघात तिची निवड झाली होती आणि नेम धरायचा सराव ती वाळत घातलेल्या चादरीवर करत होती. "घरीच कोर्ट करू," असं निरीक्षक एकदा जेवताना बोलून गेले आणि मग माघार घेता येईना.

मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. काँक्रीट ओतायच्या सकाळी त्याने सुतळी ताणली, दुसरं टोक मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, कुंपणाकडे उतार काढतो. मीटरला एक सेंटीमीटर."

"म्हणजे मुद्दाम वाकडं करणार?"

"वाकडं नाही साहेब, उतार."

"मिस्त्री, वाकड्याला किती नावं असतात ते मी सव्वीस वर्षं ऐकतोय."

"पण पाणी कुठं जाणार?"

"वाळेल. पाण्याला दुसरं काम काय?"

मिस्त्रीने एकवार पाणसळीकडे पाहिलं, एकवार साहेबांकडे. मग कुंपणाकडच्या खुंट्या काढून वर घेतल्या. बुडबुडा मध्यावर येऊन बसला, शहाण्या मुलासारखा. "ताई, तुम्ही साक्षीदार बरं का," मिस्त्री हसून म्हणाला. मुलगीही हसली. निरीक्षकांनी पाणसळ पुसून पिशवीत ठेवली.

पुढच्या रविवारी सासरे पाहायला आले. रस्तेबांधणीतले निवृत्त इंजिनियर. आता एका क्लबचे कार्यवाह. क्लबाला चार कोर्टं करायची होती आणि त्यासाठी या मिस्त्रीचं नाव सुचवावं, अशा बेताने ते खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्रीने नवा सदरा घातला होता.

रंग द्यायच्या आधी पाण्याची परीक्षा असते. नळीने अख्खं कोर्ट भिजवायचं, तासभर थांबायचं, आणि कुठे पाणी उरलंच तर त्यात नाणं ठेवायचं. नाणं बुडालं तर जागा नापास. तिथे खडूने गोल करायचा.

तास झाला. चहा झाला. पाणी मात्र पाहुण्यासारखं मांडी ठोकून बसलं होतं. मिस्त्रीने नाणं ठेवलं. ते बुडालं. दुसरीकडे ठेवलं. तिथेही बुडालं. खडूचे गोल काढता काढता तो कोर्टाच्या कडेला पोचला, तेव्हा सगळ्या कोर्टाचा मिळून एकच गोल झाला होता.

"उतार कुठाय?" सासरे खुर्चीतून उठले. "अहो मिस्त्री, माझ्या नातीला खेळायचंय इथं. बदकं पाळायची नाहीत! किती वर्षं करताय हे काम?"

मिस्त्रीने निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी नाण्याकडे पाहिलं. 'मीच सांगितलं होतं,' एवढे तीनच शब्द होते. आयुष्यभर छटाकभर फरक पकडणाऱ्या माणसाला ते उचलेनात. आणि नुसतं गप्प राहूनही भागलं असतं, पण सासऱ्यांची नजर आपल्याकडे वळते आहे असं दिसताच त्यांच्या तोंडून निघालं, "मीच लक्ष ठेवायला हवं होतं यांच्यावर."

"चुकलं आमचं," मिस्त्री म्हणाला. "परत थर देऊन उतार काढतो."

"द्या. पण क्लबाचं आता विसरा," सासरे म्हणाले.

मुलगी पायरीवर बसली होती. ती उठली आणि चेंडू तिथेच टाकून आत गेली.

सोमवारी मिस्त्री नेहमीच्या वेळेला हजर. निरीक्षकांनी चार दिवसांची रजा टाकली होती. सिमेंटच्या गोण्या त्यांनी न सांगता आणून ठेवल्या होत्या. ही आपली कबुलीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. गोण्या बोलत नाहीत हा त्यांचा मोठा गुण. दिवसातून पाच वेळा ते स्वतः चहा घेऊन गेले. तिसऱ्या कपाला मिस्त्री म्हणाला, "साहेब, बास. पित्त होतं." आणि थोडं थांबून, "पाणसळ तुमची बरोबरच होती हो. पाणीच अडाणी."

यावर निरीक्षकांना हसायचं होतं. जमलं नाही.

गुरुवारी नाश्त्याला मुलगी चार दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "बाबा, दुकानात खोटं वजन सापडलं की दुकानदार काय सांगतो तुम्हाला?"

"काय सांगणार? नोकराचं काम, म्हणतो. मला माहीतच नव्हतं, म्हणतो."

"सगळे?"

"सगळे..." म्हणता म्हणता निरीक्षकांचा घास तोंडातच राहिला. बायकोने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. सासऱ्यांची लेक ती. तिला सगळं कळलेलं होतं, पण नवऱ्याला शरमायला ती पुरेसा वेळ देत असे.

ते उठून परसात गेले आणि मिस्त्रीला ऐकू जाईल अशा बेताने उभे राहून त्यांनी फोन लावला.

"आप्पा, त्या उताराचं... मिस्त्री देत होते. मी नको म्हटलं. मीच."

पलीकडून सासरे म्हणाले, "क्लबाचं काम काल दुसऱ्याला दिलं. सही झाली."

"तरी काही..."

"नाही. रविवारी काय झालं होतं, जावईबापू? जीभ घरात विसरला होतात?"

निरीक्षकांनी फोन खिशात ठेवला. मिस्त्रीची थापी मध्येच थांबली होती. ती पुन्हा चालू झाली. "क्लबाचं गेलं, मिस्त्री," निरीक्षक त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाले. "माझ्यामुळे."

"कळलं साहेब," मिस्त्री म्हणाला. "जरा बाजूला व्हा. ओलं आहे तिथं."

थर पुरता वाळल्यावर पुन्हा पाणी सोडलं. ते एकसारखं कुंपणाकडे गेलं आणि तासाभरात नाणं ठेवायला डबकं उरलं नाही. रंग झाला, रेघा झाल्या, खांबावर बास्केटची कडी लागली. मिस्त्री हत्यारं धुऊन गेला. पहिला खेळ पाहायला यायचं आमंत्रण निरीक्षकांनी दिलं होतं. येतो म्हणाला, आला नाही.

आता मुलीच्या मैत्रिणी संध्याकाळी खेळायला येतात. चेंडू जमिनीवर ठेवला की तो आपोआप, सावकाश, कुंपणाकडे निघतो.

"ए, तुमचं कोर्ट वाकडंय!" परवा एकजण ओरडली.

"वाकडं नाही. उतार आहे," मुलगी म्हणाली. "पाण्यासाठी."

"कोणाची आयडिया?"

मुलीने वळून बापाकडे पाहिलं. निरीक्षक कुंपणापाशी चेंडू अडवायला उभे होते. हल्ली ते तिथेच असतात.

"मिस्त्रींची," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच. मग वाकून त्यांनी चेंडू उचलला.