किल्ल्यांचा जुडगा

‘पासवर्ड चुकला’ असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि मधुसूदनरावांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“बघ,” ते सरिताला म्हणाले, “वर्षानुवर्षं टाकतो आहे. तोही आठवत नाही आता.”

“म्हणून तर उद्या डॉक्टरकडे नेते आहे,” त्यांची बायको यमुताई दारातून म्हणाली. “केयूर पुण्याहून रोज फोन करून राहिला, बाबांचं डोकं दाखवून घे म्हणून.”

पोरानंही ठरवूनच टाकलं होतं म्हणजे. मधुसूदनराव खिडकीबाहेर पाहत राहिले.

सरिता कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. गांधीबागेतल्या दुकानातून बेसापर्यंत भर उन्हात स्कूटी हाणत आली होती. दुसरा कोणी असता तर सगळं पुसून, नव्यानं टाकून मोकळा झाला असता. पण या बाईची खोडच वाईट! का बिघडलं हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरत नसे. आज मात्र चहा उतरला होता, कारण काकांनी स्वतः आलं ठेचून करून आणला होता.

“काका, मले नका सांगू पासवर्ड,” ती म्हणाली. “ह्या कोऱ्या पानावर तीनदा टाइप करा. मी तोंड फिरवते. मंग पाहा, तिन्ही सारखे हायेत का.”

खटखट, खटखट, खटखट.

“सारखेच आहेत,” ते हळूच म्हणाले.

आता आली का पंचाईत! माणूस विसरला असता तर चाचपडला असता. मग चुकतंय कोण?

त्यांचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत होते. किल्ल्यांचा जुडगाच म्हणा ना. त्या कुलपाचा पासवर्ड काही केल्या लागत नव्हता. सरितानं ती फाइल शोधली. दिवाळीत केयूरनं हार्डडिस्कवर काढून ठेवलेली तिची जुनी प्रतही शोधली. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. आजची फाइल जुनीपेक्षा निम्मीच!

“कोनं खाल्लं वं तुले?” ती फाइलीलाच विचारू लागली.

तेवढ्यात यमुताईंनी कूलर लावला. घर्रर्र झालं आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडला.

“असं नेहमी होते का, काकू?”

“कूलर लावला की होतंच बाई. एकाच बोर्डात आहेत ना दोन्ही.”

सरिता हसायलाच लागली. “अवं माय! कॉम्प्युटर फाइल लिहून राहिला असंन अन् तुमी कूलर लावला असंन. अर्ध्यातच तुटली ते. काका नाही चुकले, जुडगाच मोडला!”

तिनं कूलरची पिन दुसऱ्या बोर्डात लावली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, मोडकी फाइल बाजूला ठेवली आणि तिच्या जागी जुनी आणली. मधुसूदनरावांनी श्वास रोखून पासवर्ड टाकला.

उघडलं.

“यमू, पाहिलंस? मी बरोबर होतो!” ते खुर्चीतून उठलेच. “कर त्या डॉक्टरला फोन. येत नाही म्हणावं!”

कितीतरी दिवसांनी नवऱ्याचा आवाज असा चढला होता. यमुताईंच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. त्यांनी लगबगीनं फोन घेतला आणि नंबर शोधू लागल्या.

“अन् काय गं,” मधुसूदनराव म्हणाले, “या पोरीला चहा तरी विचारलास की नाही? उन्हातून आली बिचारी.”

रिकामा कप कीबोर्डशेजारीच होता. यमुताईंचं बोट फोनवर थांबलं. सरितानं कप हळूच मॉनिटरमागे सरकवला.

“नाही ना, काका,” ती म्हणाली. “आलं टाकून करा बरं.”

ते उत्साहानं स्वयंपाकघरात गेले. आतून आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा यमुताईंनी फोन न लावताच खाली ठेवला.