वारा नसलेली दुपार

मी सतराव्या खांबावरचा सेन्सर बोलतोय. म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर. आजवर मी तोंड उघडलं की लोक वैतागत आले, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: तार हलली की वाजायचं. कोणी हलवली, हे ओळखायला शिकवलं नाही. ही उणीव मला जन्मभर खात राहिली.

अणुऊर्जा केंद्राच्या मागच्या कुंपणावर मला बसवलं. समोर खडीची पट्टी, पलीकडे दुसरं कुंपण. ज्याची राखण केली, त्याचा फक्त पांढरा घुमट दिसायचा. शेजारचा सेन्सर पन्नास पावलांवर. आमचं कधी बोलणं झालं नाही.

पहारेकऱ्यांत एक वयस्कर मामा होते. मी वाजलो की ते खडीवरून चालत यायचे, तारेवर हात ठेवायचे. "काय रे, काय झालं?" मग परत जाऊन वहीत कारण लिहायचे. बहुतेक वेळा कावळा असे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मामा, घेतली का कावळ्याची हजेरी?" बाकीचे हसायचे.

"घेतली. कावळाच होता, हे बघून आलो म्हणून सांगतोय. तू काय बघून सांगणार?"

मामा गुडघे धरत निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला खुर्चीत असा ऐसपैस बसायचा, की सगळे त्याला जावईबापू म्हणू लागले. मी वाजलो की तो बसल्या जागी बटण दाबून मला गप्प करायचा आणि वहीत लिहायचा, 'वारा'. दिवसातून दहा वेळा वारा. मलाही वाटू लागलं, असेल बुवा वाराच. आपल्याला काय कळतंय?

मग ती दुपार आली. झाडाचं पान हलत नव्हतं. दोन माणसं आली, त्यांनी कात्री काढली आणि माझ्या देखत तार कापली. मी जिवाच्या आकांताने वाजलो. खडीकडे कान लावले. पाऊल वाजलं नाही.

ती माणसं दुसरं कुंपणही कापून सरळ घुमटाच्या भिंतीला हात लावून आली. नशीब, न कळवता पाठवलेले तपासनीसच होते ते.

सुरक्षेच्या साहेबांनी वही उघडली. त्या वेळेसमोर 'वारा'.

"वाजला होता का?" साहेबांनी विचारलं.

जावईबापू खुर्चीतून उठला. "वाजला साहेब. पण तो रोजच वाजतो."

दोन्ही खरं होतं. मग जावईबापूला ताकीद मिळाली आणि मला खाली उतरवलं.

आता मी कुंपणालगतच्या कोठीत, फळीवर आहे. गळ्यात चिठ्ठी: 'नादुरुस्त'. मी नादुरुस्त आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल माझ्या जागी बसवलेला नवा सेन्सर वाजला. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. खडीवर बूट वाजले, धावत. मग जावईबापूचा धापा टाकणारा आवाज फोनवर म्हणाला, "बघितलं साहेब. कावळा आहे."

इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

तुमच्याकडे कोणी उगाच वाजत असेल, तर एकदा उठून बघून या. आणि कधी या कोठीत आलात, तर जरा हात ठेवून विचारा, "काय रे, काय झालं?" मी काही सांगणार नाही. नुसतं विचारा.