झुंबरबाईने धरलेलं लाकूड

मित्रांनो, तिसगावजवळच्या वस्तीवरच्या साळूबाई सुइणीची मी जुनी बाज. बाभळीच्या लाकडाची, केकताडाच्या दोराने विणलेली. निम्मी वस्ती माझ्यावर जन्मली, तेव्हा मिशांना पीळ देणाऱ्यांनी माझ्यापुढे जरा जपूनच बोलावं! ज्या घरी बाळंतपण, त्या घरी मला नेत. माझ्याखाली शेगडी ठेवत, पाचवीला मलाही हळदकुंकू लावत.

बेचाळीस साली मी झुंबरबाईकडे गेले, ती पाचव्यांदा. चौथ्या मुलीच्या वेळीच साळूबाईने बजावलं होतं, "आता पुरं. पुढच्या खेपंला ही वाचायची न्हाई." पण सासऱ्याला नातू हवा होता, आणि नवरा सहादेव बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. झुंबरबाईला कुणी विचारलंच नाही.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारी मूल अडलं.

"सहादेवा, हिला नगरच्या दवाखान्यात न्या," साळूबाई म्हणाली. "आता माझ्या हातात काय न्हाई."

सडकेपर्यंत मला उचलून न्यायचं, तिथून मोटार. चार गडी तयार उभे राहिले. माझ्या डाव्या बाजूचं लाकूड घट्ट धरून झुंबरबाई ओरडली, "अवो, न्या मला! मला जगायचं हाय!"

"बाबा बाजारातनं येऊ द्या," सहादेव दाराबाहेरून म्हणाला. "त्यांना इचारल्याबिगर कसं न्यायचं?"

दिवस कलल्यावर बाप आला. "न्यायचं की! माझ्यासाठी कशाला थांबलात?" म्हणाला. तोवर तिची बोटं सैल पडली होती. बाळही गेलं.

साळूबाईने मला नव्या दोराने विणलं, पण नखांच्या चार खुणा लाकडावर राहिल्या. माझ्यावर कुणी नसतानाही ते लाकूड कुरकुरतं. "झुंबर आली," साळूबाई म्हणते. मला भीती नाही वाटत, लाज वाटते. चार पाय असून मला चालता आलं नाही.

सेहेचाळीस साली सहादेवची दुसरी बायको लंकाबाई अडली. ओट्यावरून बाप म्हणाला, "दम धर, बघू." सहादेव मात्र थेट आत आला. तिथे कधी पुरुष येत नसत. त्या खुणांवर हात पडताच तो लंकाबाईकडे वळला.

"लंके, तू सांग. जायचं?"

"व्हय."

डावी बाजू त्यानेच उचलली. सडकेपर्यंत ते लाकूड गप्प होतं. लंकाबाई लेकीला घेऊन परतली आणि सासऱ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "पुढचं मूल कवा, का नकोच, ते आता मलाबी इचारायचं."

"व्हय," सहादेव म्हणाला.

मित्रांनो, घरात बाज मांडण्याआधी तिच्यावर निजणारीला विचारा. मी साळूबाईकडे परत आले आणि त्याच संध्याकाळी लाकूड पुन्हा कुरकुरलं. लंकाबाईला विचारलं, ते बरंच झालं. झुंबरबाईला अजून कुणी विचारलेलं नाही.